चौथा ठिपका

शियेच्या शिवारात उसाचं पान उलटं केलं
की खालच्या अंगाला पिंजलेल्या कापसासारखा लोकरी मावा,
आणि त्याच्याही खालच्या पानावर
कुणी वार्निश सांडून गेल्यासारखी चकाकी.
जुन्या पानांवर तीच काळी पडलेली, काजळी धरलेली.

"मावा मागतीस? पानपट्टीवर जा की पोरी,"
नेमगोंडा बांधावरून हसला,
आणि मग स्वतःच पान धरून उभा राहिला तासभर,
मी केसाएवढ्या काचनळीत
एकेक थेंब चढू देत होते तोवर.
मुंग्यांना आम्हा दोघांचंही पटलं नाही.

सकाळभरात जे भरलं
ते चिमणीच्या डोळ्याएवढंही नव्हतं.

हा किडा गोडासाठी पीत नाही, हे मला उशिरा कळलं.
त्याला हवं असतं नत्र,
आणि रसात ते चिमूटभरसुद्धा नसतं;
म्हणून पीत राहतो, पीत राहतो,
एका कणासाठी घागरभर,
आणि नको असलेली साखर मागच्या दाराने सोडून देतो.
जिथे उताऱ्याच्या दशांशावरून
भर सभेत खुर्च्या उडतात
त्या जिल्ह्यात हा साखर टाकून देतो!
धुराडं नाही, काटा नाही, पहिली उचल नाही.

प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत कागद टांगला.
पेन्सिलीच्या रेषेवर ओळखीच्या साखरा:
ऊससाखर, द्राक्षसाखर, फळसाखर.
त्यांच्या शेजारी माझा थेंब.
रात्रभर द्रावण कागद चढत राहिलं,
वीज दोनदा गेली, त्याचं त्याला काही नव्हतं.
सकाळी फवारा मारून कागद ओव्हनमध्ये धरला
तर ठिपके उमटले,
तव्यावरच्या भाकरीला डाग पडतात तसे, एकेक.
फळसाखर सगळ्यांत वर,
द्राक्षसाखर जरा मागे, मग ऊससाखर,
आणि तळाशी, रेषेपासून फारसा न हललेला
एक चौथा.

त्याच पानाचा रस मी शेजारी लावला होता.
त्यात हा नव्हता.
म्हणजे किड्याच्या पोटातच झालेला.

चौगुले मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मेलेझिटोज असेल. असेल, म्हणतेय मी.
बाटली आल्याशिवाय लिहायचं नाही."
मग फळ्यावर काढून दाखवलं:
इतका गोड रस पोटात साचला
तर तो अंगातलंच पाणी ओढून घेईल,
लोणच्यातल्या फोडीसारखा आकसून जाईल जीव.
म्हणून तो साखरेला साखर जोडतो,
सुट्या रेणूंची मोळी बांधतो.
साखर तेवढीच,
पाण्याची ओढ कमी.

बाटली पुण्याहून यायची होती.
मार्च आला, बजेट संपलं.
वहीत तीन नावं आहेत
आणि चौथ्यापुढे पेन्सिलीचं वर्तुळ.

पण त्या दिवशी, संध्याकाळी,
उरलेलं एक चिकट पान घेऊन मी गुऱ्हाळावर गेले होते.
इसाकचाचा मुल्लाणी, चाळीस हंगाम काहिलीपाशी,
पाकाची गोळी पाण्यात वळून बघणारा गुळव्या,
ज्याच्या बोटांवर शाहूपुरीतला व्यापारी भाव ठरवतो.
त्यांनी पानावरून बोट फिरवलं
आणि मी नको म्हणायच्या आत जिभेला लावलं.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
"ह्यो ऊस न्हवं."
मग काहिलीवरची मळी बाजूला सारत,
"पर उसातनंच आल्याला हाय."

थुंकले नाहीत.
चुलवाणापाशी बसलेल्या पोराला ओरडले, जाळ कमी कर,
आणि वाफ अशी दाटली
की मी काय आणलं होतं ते विचारायचं
त्यांच्याकडून राहूनच गेलं.